नाक म्हणतं पळ, पक्षी म्हणतो थांब!

उंच गवतात एक पक्षी दडून बसलाय. कुत्र्यापासून जेमतेम चार-पाच पावलांवर. कुत्र्याला तो दिसत नाही, पण त्याचा वास कुत्र्याच्या नाकात भरलाय. आता काय होईल?

तुम्ही म्हणाल, काय होणार! कुत्रा झडप घालणार. गल्लीतला कुत्रा कबुतरांवर कसा धावून जातो, ते आपण रोज बघतोच की.

पण हा कुत्रा धावत नाही. जागच्या जागी थबकतो. शेपूट ताठ, मान पुढे, आणि उचललेला एक पाय तसाच अधांतरी. मागून त्याचा माणूस सावकाश चालत येतो, गवत हलवतो, फडफडाट करत पक्षी वर उडतो आणि तरीही कुत्रा उभाच!

या थबकण्याला ‘पॉइंट करणं’ म्हणतात. कुत्रा न बोलता, न भुंकता सांगतो, ‘इथे आहे, माझ्या नाकाच्या रेषेत बघा.’ आता गंमत अशी, की असा कुत्रा दर वेळी खानदानी शिकारी घराण्यातलाच असतो असं नाही. कधी कधी तो वर्षभरापूर्वी प्राण्यांच्या निवाऱ्यात, एका पिंजऱ्यात बसलेला असतो. कुणाला तरी नकोसा झालेला.

अशा कुत्र्याला हे जमतं कसं? चला, अमेरिकेतल्या माळरानावर जाऊन बघू या.

आधी माळावरच्या मंडळींना भेटू

नकाशात उत्तर अमेरिकेच्या मध्यावर बोट ठेवा. तिथे साउथ डकोटा नावाचं राज्य सापडेल. मैलोन् मैल गवत, मधेमधे मक्याची नि सूर्यफुलाची शेतं, आणि सतत वाहणारा वारा. इथला लाडका पक्षी म्हणजे फेझंट. नराचं डोकं हिरवं चमकदार, डोळ्याभोवती लालभडक कातडी, गळ्यात पांढरी पट्टी, अंग तांब्याच्या रंगाचं आणि शेपटी लांबलचक. मादी मात्र साधी, वाळक्या गवताच्या रंगाची. आपली कोंबडी, मोर, तित्तर आणि हा फेझंट, सगळे एकाच कुळातले.

हा पक्षी मुळात अमेरिकेचा नाहीच. तो आशियातला. ओवेन डेनी नावाचे एक अमेरिकन वकील चीनमधल्या शांघाय शहरात अमेरिकेचे वाणिज्यदूत होते. त्यांनी 1881 मध्ये जहाजातून काही फेझंट ओरेगन राज्यात पाठवले. लांबच्या प्रवासात बरेचसे दगावले. पण डेनींनी हार मानली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पाठवले आणि ते तिथे रुजले. साउथ डकोटात फेझंट 1908-09 च्या सुमारास स्थिरावले, 1919 मध्ये तिथे त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला, आणि 1943 मध्ये तर हा चिनी पाहुणा चक्क राज्यपक्षी झाला!

अमेरिकेतच बॉबव्हाइट नावाची एक लावरी आहे. रात्री झोपताना हिचा थवा जमिनीवर गोल करून बसतो. सगळ्यांच्या शेपट्या आत, चोची बाहेर. म्हणजे ऊब एकमेकींची, आणि पहारा चारी दिशांना. धोका जवळ आला की अख्खं वर्तुळ एकदम दहा दिशांना उडतं. कुणाला पकडावं हेच शत्रूला कळत नाही. उत्तरेकडच्या जंगलातला रफ्ड ग्राउस तर कडाक्याच्या थंडीत उडता उडता सरळ भुसभुशीत बर्फात सूर मारतो आणि आत बसून रात्र काढतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. अमेरिकेत काही पक्ष्यांची शिकार चालते, पण तीही नियमांत बांधलेली. परवाना हवा, ठरलेला हंगाम हवा. साउथ डकोटात फेझंटचा फक्त नर मारता येतो, मादी नाही. आणि एका माणसाला दिवसाला जास्तीत जास्त तीन. म्हणून तिथे कुत्रा ‘थांबणारा’ असणं महत्त्वाचं. कुत्रा थांबला तर माणसाला नीट बघायला वेळ मिळतो, की उडाला तो नर आहे की मादी.

पिंजऱ्यावरची पाटी

अमेरिकेत दरवर्षी सुमारे 30 लाख कुत्री निवाऱ्यांमध्ये येऊन पडतात. काही हरवलेली, काही टाकून दिलेली. टाकून देण्याची कारणंही ऐका. ‘फार उड्या मारतो.’ ‘सतत चेंडू मागतो.’ ‘बागेतल्या खारींच्या मागे लागतो.’ ‘कुंपणावरून पळतो.’ दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे सगळे अवगुण वाटतात. माळरानावर पक्षी शोधणाऱ्या माणसाला मात्र हे वाचून आनंदच होतो.

आपण एक कुत्रा मनातल्या मनात आणू या. नाव ठेवू बिस्कीट. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान. त्याच्या पिंजऱ्यावर पाटी आहे : ‘पॉइंटर संकर’. म्हणजे काय, आई-बाबांपैकी कुणीतरी पॉइंटर जातीचं असावं, असा निवाऱ्यातल्या लोकांचा अंदाज. तो अंदाज कुत्र्याकडे बघून बांधलेला असतो, आणि पुष्कळदा चुकतो.

बरं, पाटी खरी निघाली तरी बिस्कीट पॉइंट करेलच का? याबद्दल शास्त्रज्ञांनी 2022 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या कुत्र्यांच्या सवयी विचारल्या आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला. निष्कर्ष काय? दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास भाग जातीमुळे असतो. बाकीचा त्या एकट्या कुत्र्याचा स्वभाव, त्याचं लहानपण, त्याला आलेले अनुभव यांतून येतो. जातीचा उपयोग अगदीच नाही असं नव्हे. माणसाचं ऐकण्याच्या सवयीत जातीजातींत बराच फरक दिसला. पण एका कुत्र्याबद्दल भविष्य सांगायला पाटी पुरत नाही. कुत्रा बघावा लागतो.

सहा कड्यांची साखळी

कुत्रा बघायचा म्हणजे काय बघायचं?

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडगा शिकार करतो तेव्हा एकामागोमाग एक सहा गोष्टी घडतात. सावज हेरणं, त्याच्यावर नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, झडप घालून धरणं आणि शेवटी मारणं. कुत्र्यांच्या वागण्याचा आयुष्यभर अभ्यास केलेले अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर सांगत, की ही साखळी सगळ्या कुत्र्यांत असते, पण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत करत कुठे एक कडी जाड केली, कुठे दुसरी बारीक केली.

मेंढ्या वळणारा बॉर्डर कॉली घ्या. नजर रोखणं, दबकणं, पाठलाग करणं जोरात. चावणं जवळपास गायब. चावला तर मेंढ्या उरतील कशा! आपल्याकडचा कारवानी कुत्रा, म्हणजे मुधोळ हाउंडच्या नात्यातला लांब पायांचा, बारीक कमरेचा गडी. त्याची पाठलागाची कडी जबरदस्त. ससा दिसला की सुसाट. मेंढ्यांच्या राखणीला ठेवलेल्या कुत्र्यांमध्ये मात्र ही साखळी इतकी मंद हवी, की ती मेंढ्यांमध्ये निवांत झोपू शकतील.

आणि पॉइंटर? त्याची साखळी दबकण्यावर येऊन अडते. पुढचं पाऊल टाकायच्या आधीच कुत्रा गोठतो. उचललेला पाय हवेत राहतो तो म्हणूनच! ही अडलेली कडी माणसाच्या केव्हाच लक्षात आली होती, बंदुका सर्रास वापरात येण्याच्याही आधी. केंब्रिजमध्ये शिकलेले इंग्लिश वैद्य जॉन केयस यांनी 1570 मध्ये कुत्र्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात पक्ष्याचा वास लागताच जमिनीला चिकटून बसणाऱ्या कुत्र्यांचं वर्णन आहे. कुत्रा असा चपटा होऊन बसला की माणसं पक्ष्यांवर जाळं टाकत.

तेव्हा निवाऱ्यात जाणारा जाणकार माणूस पाटी वाचतो नि बाजूला ठेवतो. तो बिस्कीटला कुंपणाच्या आतल्या मैदानात नेतो. चेंडू गवतात फेकतो. चेंडू दिसेनासा झाला की बिस्कीट सोडून देतो, की नाक खाली घालून शोधत राहतो? फुलपाखरू, चिमणी दिसली की क्षणभर तरी थबकतो का? सापडलेली वस्तू माणसाकडे आणतो, की घेऊन पळतो? कुठली कडी जाड आहे ते असं कळतं.

ते नाक आहे तरी कसलं!

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात साधारण 50 ते 60 लाख. कुत्र्याच्या नाकात त्या 10 कोटींहून जास्त असतात, आणि काही जातींमध्ये तर 20-30 कोटींपर्यंत जातात, असं मानलं जातं. पण नुसती संख्या मोठी असून भागत नाही. नाकाची बांधणीही भारी आहे.

आपण श्वास घेतो ती सगळी हवा एकाच वाटेने आत जाते. कुत्र्याच्या नाकात हवेच्या दोन वाटा होतात. बहुतेक हवा फुफ्फुसांकडे जाते, आणि साधारण आठवा भाग नाकाच्या मागच्या एका खास खोलीत वळतो. तिथे फक्त वास घेण्याचं काम चालतं. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. मग बाहेर येणारी हवा समोरचा वास उडवून लावत नाही का? नाही! कुत्र्याच्या नाकपुडीच्या कडेला एक चीर असते, ती आता नीट बघा. सोडलेली हवा त्या चिरेतून बाजूला आणि मागे जाते. समोरचा वास जागेवरच राहतो. शिवाय दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या ठिकाणची हवा घेतात, त्यामुळे वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून, हेही कळतं.

आता वाऱ्याकडे या. घरातल्या मोठ्यांना सांगून एक उदबत्ती लावा आणि खिडकीतून येणाऱ्या हळू वाऱ्यात धरा. टोकाशी धूर बारीक दिसतो आणि दूर जाता जाता पसरतो. गवतात बसलेल्या पक्ष्याचा वासही असाच वाऱ्याबरोबर पसरत जातो. आपल्याला तो दिसत नाही इतकंच. कुत्रा वाऱ्याच्या समोरून येतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा नागमोडी धावतो. वास लागला की वळतो, वास सुटला की उलटा वळतो. फेरे लहान लहान होत जातात आणि शेवटी नाक पक्ष्याच्या रेषेत येतं.

हे नागमोडी धावणं बिस्कीटला फारसं शिकवावं लागत नाही. नाक त्याचं त्याला नेतं. शिकवायचं आहे ते पुढचं.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

पण थांबा, लगेच नाही. निवाऱ्यातून आलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी माळावर नेलं, तर तो पक्षी शोधणार नाही, पळून जाईल.

निवाऱ्यांतले लोक एक साधा आडाखा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो. खात नाही, कोपरा धरतो. तीन आठवड्यांत त्याला घराची वेळापत्रकं कळतात. फिरायला कधी, जेवण कधी, दार कोणतं. आणि तीन महिन्यांनी त्याला वाटू लागतं, की हे माझं घर. प्रत्येक कुत्र्याचा हिशेब थोडा वेगळा, पण घाई कुणालाच मानवत नाही.

या काळात शिक्षण चालतं ते अगदी साधं. नाव हाकारलं की यायचं आणि आलं की खाऊ मिळायचा. बागेत, अंगणात, मग रस्त्यावर, मग दुसरं कुत्रं समोर असताना. शिट्टी वाजली की वळून बघायचं. मधूनच एखाद्या काठीला दोरी नि दोरीला पक्ष्याचं पीस बांधून त्याच्यापुढे उडवतात. बिस्कीट चमकून बघतो, थबकतो. सगळे खूश होतात. पण अनुभवी प्रशिक्षक हा खेळ लवकर बंद करतात. का? कारण तो डोळ्यांचा खेळ आहे. सारखं पीस बघून थांबायची सवय लागली, तर कुत्रा नाकावर विश्वास ठेवायचा विसरतो. आणि माळावर पक्षी दिसत नसतो, त्याचा वासच येत असतो.

खरा मास्तर : कबूतर

आता आला मुख्य धडा. थांबण्याचा.

अमेरिकेत घोड्याला थांबवायला जो शब्द वापरतात, तोच या कुत्र्यांनाही शिकवतात : ‘वोऽऽ!’ जमिनीवर एक लाकडी फळी ठेवायची. बिस्कीट फळीवर चढला की ‘वो’ म्हणायचं. चारही पाय फळीवर आणि हालचाल नाही, की शाबासकी. खाली उतरला तर ओरडायचं नाही, मारायचं तर अजिबात नाही. उचलून पुन्हा फळीवर ठेवायचं, बस्स. आधी दोन सेकंद, मग दहा, मग माणूस त्याच्याभोवती फेरी मारून येईपर्यंत. काही दिवसांनी फळी काढून घेतात. बिस्कीटला फळीविनाही ‘वो’ कळायला लागतं.

मग त्याच्या गळपट्ट्याला लांब दोरी लावतात, सहा ते नऊ मीटरची. आणि माळावर गवतात एक छोटी पेटी लपवतात. पेटीत असतं कबूतर. पेटीला स्प्रिंग असते आणि माणसाच्या हातात रिमोटचं बटण. बटण दाबलं की झाकण उघडतं आणि कबूतर वर उडतं. बहुतेक वेळा ती घरी परतणारी पाळीव कबुतरं असतात. उडाली की थेट आपल्या खुराड्याकडे! उद्याच्या तासाला पुन्हा हजर.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळी जादू इथे आहे. बिस्कीट वाऱ्याच्या समोरून येतोय. त्याच्या नाकात कबुतराचा वास शिरतो. तो थबकतो. ठीक. पण मोह कुणाला आवरतो? तो एक पाऊल पुढे टाकतो. तेवढ्यात भुर्रर्र! कबूतर गेलं.

दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. वास, थबकणं, एक पाऊल, भुर्रर्र. तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळी. माणूस एक शब्दही बोलत नाही. आणि मग कधीतरी बिस्कीटच्या डोक्यात दिवा पेटतो. ‘मी पुढे सरकलो की पक्षी जातो. मी थांबलो की पक्षी राहतो!’

बघा, किती उलटं आहे हे. पक्ष्यावर धावून जाण्याची इच्छा मारून टाकलेली नाही. उलट पक्षी हवाय म्हणूनच तो थांबलाय. कुत्र्याला दटावून थांबवलं, तर तो माणूस जवळ असेपर्यंतच थांबतो. पक्ष्यानेच शिकवलं, तर माणूस दोनशे पावलं मागे असला तरी थांबतो. या विद्येतली जुनीजाणती माणसं म्हणूनच सांगतात, की कुत्र्याला शिकवायचं काम पक्ष्यांवर सोपवा, तुम्ही गप्प राहा.

ढुम्म! आणि तरीही शांत

दिवाळीत फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण. आपल्याला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात, त्याला जवळजवळ 45 हजारांपर्यंतचे. मोठा आवाज त्याला नकोसा वाटणारच. निवाऱ्यातल्या कुत्र्याच्या बाबतीत तर आधी काय घडलंय हेही माहीत नसतं. कुणी त्याला भीती घातली असेल, कुणी दगड मारले असतील.

म्हणून बंदुकीचा आवाज शिकवताना फार सांभाळून जावं लागतं. सुरुवातीला आवाज खूप लांबून आणि अगदी हलका. तोही नेमका बिस्कीट उडणाऱ्या कबुतराच्या मागे मजेत धावत असताना किंवा जेवत असताना. त्याने कान टवकारले आणि पुन्हा जेवायला लागला, तर दुसऱ्या दिवशी किंचित जवळून. दचकला, तर मागे जायचं, आणखी लांब.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना ठरावीक खुणेनंतर खायला मिळायचं. पुढे नुसती खूण झाली तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. इथेही तेच चाललंय. ‘ढुम्म’ म्हणजे संकट नव्हे, ‘ढुम्म’ म्हणजे मजा, अशी नवी गाठ बिस्कीटच्या डोक्यात बांधली जाते.

काही कुत्र्यांची भीती मात्र जातच नाही. मग समजूतदार माणूस जबरदस्ती करत नाही. तो कुत्रा घरी सोफ्यावर झोपतो, मुलांशी चेंडू खेळतो. तेही चांगलंच की!

परीक्षा खऱ्या माळावर

कबूतर पेटीत बसून राहतं. फेझंट बसून राहत नाही. तो पाय लावून पळतो! बिस्कीट पॉइंट करून उभा, आणि फेझंट गवताखालून पन्नास पावलं पुढे. वास पातळ होतो. अशा वेळी थांबून राहणं चूक, आणि घाईने धावणंही चूक. थोडं दबकत पुढे जायचं, वास पुन्हा दाटला की थांबायचं. हा हिशेब कुणी शिकवू शकत नाही. तो खरे पळणारे फेझंटच शिकवतात, एका हंगामात थोडा, दुसऱ्यात आणखी थोडा.

उन्हाची अडचण वेगळीच. कुत्रा तापला की तोंड उघडून धापा टाकतो, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. म्हणून जाणकार माणसं सकाळच्या गारव्यात निघतात आणि मधेमधे कुत्र्याला पाणी पाजतात.

आणि शिष्टाचार! समजा, बिस्कीटच्या आधी दुसऱ्या कुत्र्याला पक्षी सापडला आणि तो पॉइंट करून उभा राहिला. बिस्कीटच्या नाकात अजून काहीच वास नाही. तरी त्याने त्या मित्राला बघताच जागीच थांबायचं. ‘तुझा पक्षी, तुझा मान.’ काही कुत्री हे आपोआप करतात, काहींना शिकवावं लागतं. शेवटी खाली पडलेला पक्षी शोधून आणायचा, तोही दात न लावता, अलगद धरून.

पक्षीही काही कमी नाहीत

एवढं नाक असूनही कुत्र्याला चकवता येतं बरं का!

कोंबडी शेपटीच्या मुळाशी चोच घासते आणि मग सगळ्या पिसांवरून फिरवते, हे पाहिलंय? तिथे एक ग्रंथी असते. तिच्यातलं मेण पिसांना लावलं की पिसं चांगली राहतात. पण त्या मेणाला वास असतो. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ येरुन रेनेरकेन्स आणि त्यांचे सहकारी रेड नॉट आणि तशाच किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं मेण तपासत होते. हे पक्षी घरटं जमिनीवर करतात. अंडी उबवायच्या दिवसांत त्यांचं मेण बदलतं, जड रेणूंचं होतं, असं दिसलं. जड रेणू हवेत सहज उडत नाहीत. म्हणजे वास कमी येत असेल का? त्यांनी हुंगण्यात तरबेज असलेला कुत्रा बोलावला. आणि खरंच! अंडी उबवायच्या दिवसांतल्या मेणापेक्षा नेहमीचं मेण शोधणं त्याला सोपं गेलं. हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. अंडी सांभाळायची वेळ आली की हे पक्षी चक्क आपला वास झाकून घेतात!

बंदूक नको, वही द्या

पक्षी शोधायचा आणि त्याला हात लावायचा नाही, ही विद्या शिकारीपलीकडेही कामाला येते. न्यूझीलंडमधले रिचर्ड हेन्री यांची 1894 मध्ये रेझोल्यूशन बेटावर राखणदार म्हणून नेमणूक झाली. काकापो म्हणजे न उडणारे पोपट, आणि किवी. या पक्ष्यांना बाहेरून आणलेले शिकारी प्राणी संपवत होते. हेन्रींनी कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधलं, त्याच्या नाकाच्या मदतीने शेकडो पक्षी शोधले आणि होडीतून त्या बेटावर नेऊन सोडले. पुढे 1900 मध्ये मुंगसासारखा दिसणारा स्टोट नावाचा प्राणी पोहत तिथेही पोचला, तेव्हा ते सारे कष्ट वाया गेले. पण कल्पना मेली नाही. न्यूझीलंडमध्ये आजही शिकवलेली कुत्री दुर्मीळ पक्षी शोधून देतात, आणि स्कॉटलंडमध्ये पॉइंटर कुत्र्यांना घेऊन माळावरच्या ग्राउस पक्ष्यांची मोजणी होते.

अमेरिकेत ‘वर्किंग डॉग्ज फॉर कॉन्झर्वेशन’ नावाची एक संस्था तर मुद्दाम निवाऱ्यांमधून कुत्री निवडते. कसली? तीच, चेंडूसाठी वेडी असलेली, घरात न मावणारी! ती रानातल्या प्राण्यांची विष्ठा, उपद्रवी झाडंझुडपं असलं काय काय हुंगून शोधतात. सापडलं की त्यांना चेंडू मिळतो. बस्स, एवढाच पगार. ‘सतत चेंडू मागतो’ म्हणून ज्याला टाकून दिलं, त्याच्यासाठी हा केवढा थाट!

करून बघा : तुमचं नाक किती पाण्यात?

कुत्र्यासारखं नागमोडी जाऊन माणसालाही माग काढता येतो का? कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात हा प्रयोग खरोखर झाला. 2007 मध्ये त्याचा निकाल आला. 32 जणांचे डोळे बांधले, कानही झाकले. हिरवळीवर चॉकलेटच्या वासाची 10 मीटरची रेघ ओढली. मग त्यांना हातापायांवर रांगत, नाक जमिनीला लावून ती शोधायला सांगितलं. तब्बल दोन तृतीयांश लोकांना जमलं! सराव केल्यावर वेगही वाढला. एक नाकपुडी बंद केली की मात्र चुका वाढल्या.

तुम्ही हे मैदानात करू शकता. संत्र्याच्या साली चुरगाळून जाड सुतळीला चांगल्या चोळा. सुतळी गवतावर थोडी वाकडीतिकडी पसरा. काचा, काटे, मुंग्या नाहीत ना, ते आधी बघा. मित्राचे डोळे बांधा, हातात मोजे घाला म्हणजे सुतळी बोटांना लागून ‘चोरी’ होणार नाही, आणि म्हणा, ‘शोध!’

तो रांगायला लागला की तुम्ही हसू नका, वही काढा. नाक सुतळीच्या डावीकडून उजवीकडे किती वेळा गेलं? वारा समोरून असताना सोपं गेलं की मागून असताना? एक नाकपुडी दाबून धरली तेव्हा काय झालं? मग अदलाबदल करा, आता तुम्ही कुत्रा. आकडे लिहून आमच्याकडे पाठवा. सगळ्यात वेगवान नाक कुणाच्या शाळेतलं निघतं ते पुढच्या अंकात छापू. आणि हो, घरी जायच्या आधी गुडघे धुवायला विसरू नका!